ठोंबऱ्यांच्या घरातला वारा

घराची परीक्षा बघता बघता उरकते. तिच्या तयारीला मात्र सगळी सकाळ जाते. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं या तयारीतच गेली. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी "वैशालीताई, तुमच्या कामाबद्दल लिहा ना" असा फोन आला तेव्हा मला हसू आलं. गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं राहून मी दरवर्षी कुणाला ना कुणाला माझं काम समजावून सांगते. समोरचा माणूस लक्ष देऊन ऐकतो आणि शेवटी विचारतो, "म्हणजे एसीचंच काम ना?" मी "हो" म्हणते आणि आम्ही दोघं पुढे सरकतो.

हा अंक तिकडे पुण्या-नागपुरातही वाचला जातो म्हणून थोडं सविस्तर सांगते. अमेरिकेतल्या घरांत सगळ्या खोल्या मिळून एकच यंत्र गरम किंवा गार करतं. आमच्या बॉथेल गावाकडे ते बहुधा गॅरेजमध्ये असतं आणि त्याला फर्नेस म्हणतात. फर्नेसमधला पंखा तापलेली हवा पत्र्याच्या नळांतून, म्हणजे डक्टमधून, खोल्याखोल्यांत ढकलतो. खोलीत जिथे ती बाहेर पडते त्या जाळीदार तोंडाला व्हेंट म्हणायचं. खोल्यांत फिरून थंड झालेली हवा दुसऱ्या एका वाटेने फर्नेसकडे परत ओढली जाते. ती वाट म्हणजे रिटर्न. हे सगळं जमिनीखालून, भिंतींच्या आतून, छताच्या वरून जातं, त्यामुळे कुणाला दिसत नाही. सांधे सुटतात, पत्रे सरकतात, कामगार घाईत असतो. मग आपण पैसे भरून तापवलेली हवा जमिनीखालच्या उंदरांना ऊब देत बसते.

ही गळती किती, ते मोजायला मी जाते. सगळे व्हेंट बंद करायचे, एका तोंडाला आपला पंखा लावायचा, डक्टमध्ये हवा भरायची आणि ती किती वेगाने निसटते ते बघायचं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तसंच. त्याआधी फर्नेस बंद करायची, तिचा फिल्टर काढायचा, खोल्यांची आतली दारं उघडी टाकायची. पाणी तापवायच्या गॅसची, शेकोटीची, घरात जिथे जिथे ज्योत आहे तिथली प्रत्येक ज्योत विझवायची, कारण आमच्या पंख्यांनी धूर उलटा घरात ओढला तर माणसाचा जीव जाऊ शकतो. आणि मग खोलीखोलीत जाऊन एकेक व्हेंट टेपने लिंपायचा. पलंग सरकवा, गालिचे उचला, कपाटामागे हात घाला. घरात व्हेंट किती आणि कुठे आहेत हे घरच्यांना कधीच सांगता येत नाही. म्हणून पाहुण्यांनाही दिसत नाही ते घर मला दिसतं. नवरा-बायको वेगवेगळ्या खोल्यांत झोपतात हे मला कळतं, मुलगा कुठे काय लपवतो हे कळतं. मी ते तिथेच ठेवून येते.

आपल्या मराठी घरांची एक खोड मी लांबूनही ओळखते. वापरात नसलेल्या खोलीचा व्हेंट आपण बंद करतो. दिवा मालव, पंखा बंद कर, हे लहानपणापासून कानांवर पडलेलं असतं, तेव्हा रिकाम्या खोलीत गरम हवा जाते म्हटल्यावर आपला जीव खालीवर होतो. कुणी त्यावर तांदळाची गोणी ठेवतं. कुणी फोडणीचा वास घरभर जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरातल्या व्हेंटला ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवतं, आणि मग मोहरी तडतडली की वास नेमका वरच्या बेडरूममध्ये निघतो. कारण फर्नेसचा पंखा काही तुमचं ऐकून हळू फिरत नाही. तो तेवढीच हवा ढकलतो आणि तेवढीच ओढतो. सरळ वाट बंद केली की तो फटीतून ओढतो, एवढं साधं आहे. हे मी सांगत आले आणि लोक मान डोलावून पुन्हा गोणी ठेवत आले.

फटी शोधायला बाजारात धुराची उपकरणं मिळतात. मी उदबत्ती वापरते. तिचा धूर बारीक आणि सरळ निघतो, हवेची जराशी ओढ असली तरी वळतो. एका गोऱ्या बाईंनी मला उदबत्ती घेऊन भिंतीभिंतीशी वाकताना पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "आर यू ब्लेसिंग द हाउस?" मी म्हटलं, "येस." त्यांना इतकं बरं वाटलं की पुढचं खरं सांगायचं मी टाळलं.

आता ज्या घराबद्दल लिहायचं म्हणून बसले त्याकडे येते.

निखिल ठोंबरे आमच्या मंडळातला. मूळचा अमरावतीचा, कामाच्या व्हिसावर आला आणि इथलाच झाला. त्याचे आईवडील चार-पाच वर्षांपासून त्याच्याकडेच राहायचे. त्याने जुनी फर्नेस काढून नवी, मोठ्या ताकदीची बसवली होती, आणि अशी नवी बसवली की आमच्या राज्यात डक्टची परीक्षा द्यावी लागते. दिवस ठरला होता. त्याच्या आत त्याचे वडील गेले. काही महिने आजारीच होते. घरीच, खालच्या मजल्यावरच्या खोलीत गेले. मी भेटून आले आणि नंतर फोन करून म्हटलं, "निखिल, आपण पुढच्या महिन्यात बघू. घाई नाही."

तो म्हणाला, "नको मावशी, प्लीज, कॅन्सल नका करू. तेराव्याला खूप लोक येतील, आणि हीटिंग नीट चालत नाहीये. तुम्ही या."

"कॅन्सल" हा शब्द तो ज्या घाईने बोलला ते माझ्या लक्षात राहिलं. त्याचं कारण मला नंतर कळलं.

दहावा व्हायचा होता तेव्हा मी गेले. पाऊस भुरभुरत होता, नोव्हेंबरात इथे तो असतोच. निखिलची बायको मुलीला शाळेत सोडून कामावर गेली होती. निखिल वाढलेल्या दाढीने दार उघडून उभा होता आणि त्याच्यामागे सुलभाकाकू, त्याची आई. दुःखाच्या घरी "कशा आहात" असं विचारत नाहीत, म्हणून मी नुसता त्यांचा हात धरला. त्यांनीच माझ्या गुडघ्यांवरचे पॅड पाहिले आणि म्हणाल्या, "जमिनीवर फार बसावं लागत असेल नाही गं तुला?"

काम सुरू करण्याआधी मी एकदा सगळं घर हिंडून घेते. फर्नेस चालूच होती. वडिलांच्या खोलीचं दार बंद होतं. निखिलने ते हळूच उघडलं आणि आम्ही तिघं आत गेल्यावर लगेच लावून घेतलं. दवाखान्याचा पलंग परत गेला होता, खोली रिकामी होती. जिथे पलंग होता तिथे जमिनीवर, दक्षिणेकडे वात करून पणती ठेवलेली. ज्या जागी जीव गेला तिथे दहा दिवस दिवा ठेवायचा, तो हलवायचा नाही आणि विझू द्यायचा नाही, हे आपल्यात कुणाला सांगावं लागत नाही. पणतीच्या दोन बाजूंना पुठ्ठ्याची खोकी उभी केली होती. खोलीतल्या व्हेंटला निळी टेप आडवीउभी, अगदी नीट लावलेली होती. दाराखाली एक टॉवेल गुंडाळून ठेवला होता, पण दार उघडताना तो सरकला होता आणि तसाच राहिला.

"वारा लागू नये म्हणून सगळं सील केलंय," निखिल म्हणाला. "तरी बघा तुम्ही. थांबा जरा."

फर्नेसचा पंखा मधूनमधून थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. तो थांबला होता. तिकडे गॅरेजमध्ये पुन्हा घरघर सुरू झाली, ती मला ऐकू आली कारण माझा कान तिथेच असतो. त्या दोघांना ती ऐकू येत नव्हती. ज्योत थरथरली, भिंतीकडे आडवी झाली आणि विझली.

"परत," निखिल म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला, काडी ओढली, हाताचा आडोसा करून वात लावली. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं तो घाबरलाय. माणसाचा चेहरा वाचण्यात मी डक्टइतकी तरबेज नाही.

त्याला ऑफिसचा फोन आला म्हणून तो वर गेला. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं. सुतकातल्या घरी काही घ्यायचं नसतं म्हणून त्यांनी चहाही विचारला नाही, नुसत्या समोर बसल्या.

"वैशाली, तू आपलीच आहेस म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "आमचे हे बोलत नव्हते त्याच्याशी."

"निखिलशी?"

"दिवाळीआधी ह्यांना अमरावतीला जायचं होतं. जायचं म्हणजे... परत यायचं नव्हतं त्यांना. तिकीट काढलं होतं. डॉक्टर म्हणाले प्रवास झेपणार नाही, आणि ह्याने ते कॅन्सल केलं. ह्यांना न विचारता. चुकलं काय त्याचं? काळजीनेच केलं. पण ह्यांनी अबोला धरला. समोर बसलेला असायचा निखिल, आणि मला सांगायचे, 'त्याला सांग, खिडकी लावून घे.' 'त्याला सांग, औषध घेतलंय मी.' शेवटपर्यंत. शेवटच्या दिवशीसुद्धा मलाच म्हणाले, 'त्याला सांग, झोप म्हणावं.'"

त्या डोळे पुसत नव्हत्या, नुसत्या टेबलाकडे बघत होत्या.

"जीव अडकलाय गं त्यांचा," त्या म्हणाल्या. "नाहीतर दिवा असा का विझेल? बाहेर एवढे कावळे आहेत, संध्याकाळी आभाळ काळं होतं ह्या गावात. मला दहाव्याची भीतीच वाटते. एकही शिवला नाही पिंडाला तर मी काय करू? ह्यांचा राग गेलेला नाही. पोराकडे बघवत नाही मला."

मी म्हटलं, "काकू, मी कामाला लागू का?" त्यांनी मान हलवली.

गॅरेजमध्ये जाऊन मी फर्नेस बंद केली. फिल्टर काढला. पाणी तापवायचा गॅस बंद केला. मग वरच्या मजल्यापासून एकेक व्हेंट लिंपत खाली यायला लागले. मुलीच्या खोलीतला व्हेंट बाहुल्यांच्या घराखाली होता, निखिलच्या खोलीतला कपड्यांच्या ढिगाखाली. बराच वेळ गेला. खाली येताना पाहिलं तर काकू वडिलांच्या खोलीच्या दारात उभ्या.

"बघ ना," त्या कुजबुजल्या. "तू कामाला लागल्यापासून एकदाही विझला नाही. शांत झालेत ते."

ज्योत खरंच सरळ उभी होती. माझ्या मनात तोवर फर्नेसच्या पंख्याचा नुसता संशय होता. तिथे त्याची खात्री व्हायला लागली. माझ्या कामाच्या हिशेबाने त्या खोलीतला दिवा मी विझवायला हवा होता. घरातली प्रत्येक ज्योत, असा नियमच आहे. तो मला त्या दिवशी पाळायचा नव्हता. पण माझा पंखा लावून डक्टमध्ये हवा भरली असती आणि त्या खोलीत कुठे गळती असती, तर दिवा हमखास गेला असता, आणि तो माझ्या हातून गेला असता. मी पिशवीतून उदबत्ती काढली.

"निखिलला बोलवा काकू," मी म्हटलं. "आणि फर्नेस मी पुन्हा चालू करतेय."

निखिल आला. गॅरेजमधून परत येऊन मी दार लावलं, उदबत्ती पेटवली आणि पणतीपाशी जमिनीवर पालथी झाले, गाल फरशीला टेकवून, कारण तसं केल्याशिवाय जमिनीलगतची हवा दिसत नाही. काकूंना वाटलं मी दिवंगताला नमस्कार करते आहे. त्यांनी हात जोडले. निखिलनेही जोडले. मला त्यांना थांबवता आलं नाही, आणि मनातून मी नमस्कार केलाही.

पंखा सुरू झाला. उदबत्तीचा धूर वर जायचा सोडून आडवा झाला आणि जमिनीला चिकटून सरळ भिंतीकडे पळाला. भिंतीच्या तळाशी लाकडाची पट्टी असते. तिच्याखालच्या फटीत तो शिरला. ज्योत त्याच्यामागे वाकली. मी हाताने आडोसा केला तेव्हा राहिली.

मग मी उठून बसले आणि सांगितलं. जसं कुठल्याही घरात सांगते तसंच सांगितलं, कारण मला दुसऱ्या तऱ्हेने सांगता येत नाही. ही भिंत आतून पोकळ आहे आणि घर बांधणाऱ्याने पत्रा वाचवायला ती पोकळीच रिटर्न म्हणून वापरली आहे. जुनी फर्नेस अशक्त होती, तेव्हा काही जाणवलं नाही. नव्या फर्नेसचा पंखा जोरात ओढतो. तो या भिंतीतून खोलीतली हवा ओढतोय. खोलीत हवा यायची वाट व्हेंट, ती टेपने बंद. दार बंद. मग हवा येते दाराखालच्या फटीतून, जमिनीलगत, या टोकाकडून त्या टोकाला, आणि मध्ये दिवा आहे. टॉवेल घट्ट लावला असता तर खिडकीच्या फटीतून, कुठूनही आली असती. तुम्ही जितकं बंद केलंत तितकी ओढ वाढली.

काकूंना धूर आणि पत्रा यांतलं किती कळलं ते माहीत नाही. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे ह्यांचं काही नव्हतं त्यात?"

"नाही काकू. वारा होता."

"राग नव्हता?"

"दिव्यात नव्हता," मी म्हटलं. एवढंच मला खात्रीने म्हणता येत होतं.

काकू खाली बसल्या आणि इतक्या दिवसांचं रडल्या. मोकळं, मोठ्याने. "नव्हता गं राग, नव्हता," असं स्वतःलाच सांगत राहिल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आज आपल्या कामाचं सोनं झालं. असे दिवस फार येत नाहीत. आम्ही गेलो की लोकांना फार तर बिल कमी येतं, कुणाचं मन हलकं झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

निखिल मात्र उभाच होता. त्याने विचारलं, "आर यू शुअर, मावशी?"

मी त्याच्या हातात उदबत्ती दिली. तो माझ्यासारखाच जमिनीवर आडवा झाला आणि धूर भिंतीत शिरताना बघत राहिला. इंजिनिअर माणूस, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

परीक्षा घेणाऱ्याने दुरुस्ती करायची नसते. ती ज्याने फर्नेस बसवली त्याने करायची आणि मी पुन्हा येऊन मोजायचं. तरी माझ्या गाडीत मॅस्टिकचा डबा कायम असतो. मॅस्टिक म्हणजे घट्ट, करड्या रंगाचा लेप. ब्रशने फासायचा, वाळला की रबरासारखा होतो आणि वर्षानुवर्षं हवा सोडत नाही. मी फर्नेस बंद करून आले. दिवा हलवायचा नव्हता, म्हणून काकू पणतीशेजारी बसल्या आणि दोन्ही तळहातांचा आडोसा धरला. मी त्यांच्या हातांमागून पट्टी उचकटून काढली. आत बोटभर फट होती, अख्ख्या भिंतीच्या लांबीची. आतून थंड, जुन्या धुळीचा वास आला. निखिल टॉर्च धरून उभा होता. मी लेप भरत गेले, आधी जाळीची पट्टी, वर लेप, पुन्हा लेप. काकूंनी शेवटपर्यंत हात काढले नाहीत. कोपऱ्यात टीव्हीच्या जुन्या वायरचं एक भोक होतं तेही बुजवलं. शेवटी व्हेंटवरची निळी टेप काढली आणि त्याची जाळी दिव्याच्या उलट्या बाजूला वळवली.

फर्नेस चालू केली. आम्ही तिघं दिव्याकडे बघत उभे राहिलो. पंखा सुरू झाला, व्हेंटमधून उबदार हवा यायला लागली. ज्योत जागची हलली नाही.

"शांत झाले," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहराच बदलला होता. त्या उठल्या आणि किती दिवसांनी तोंड धुवायला म्हणून आत गेल्या.

त्या दिवशी परीक्षा झालीच नाही. ओल्या लेपावर दाब देता येत नाही, तो वाळायला एक दिवस तरी लागतो. वरच्या मजल्यावरच्या टेप मी काढून घेतल्या, फिल्टर बसवला, पाण्याचा गॅस पुन्हा पेटवला. आता निघताना अडचण झाली. दुःखाच्या घरातून उठताना "येते" म्हणत नाहीत, तिथे पुन्हा यायचा प्रसंग नको म्हणून. आणि मला तर परत यायचंच होतं, मोजल्याशिवाय माझं काम पुरं होत नाही. मी काकूंना काहीच न बोलता बाहेर पडले.

सामान गाडीत ठेवत होते तेव्हा निखिल मागोमाग आला. डोक्यावर काही नाही, पावसात तसाच उभा. मला वाटलं आभार मानायला आलाय.

"मावशी," तो म्हणाला, "म्हणजे बाबा काहीच बोलत नव्हते."

मी वळून बघितलं.

"मला वाटत होतं ते दिव्यातून बोलतायत. आय नो, वेड्यासारखं वाटतं ऐकायला. आई म्हणायची रागावलेत, पण मला ते पण चालत होतं. रागावून का होईना, डायरेक्ट माझ्याशी. 'त्याला सांग' नाही. मी एकटा असलो की दिवा जास्त विझायचा. म्हणजे मी दार लावून बसायचो ना, म्हणून." तो हसायला गेला आणि जमलं नाही. "आता कळलं, का विझायचा ते."

माझ्या हातात मॅस्टिकचा ब्रश होता, तो मी उगाच पुसत राहिले. इतकी वर्षं मी लोकांना त्यांच्या घरातल्या फटी दाखवत आले आणि प्रत्येक वेळी वाटलं की दाखवलेलं बरं. त्याच्याकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं की मी ती भिंत तशीच ठेवून गेले असते तर काय बिघडलं असतं. पण मग काकूंचं काय? एकच दिवा, आणि आई-मुलाला त्यातून दोन वेगळ्या गोष्टी हव्या होत्या. मला त्यांतली एकच देता आली.

"तू दिवा लावताना काहीतरी म्हणायचास," मी विचारलं. "मी पाहिलं. काय म्हणायचास?"

"सॉरी." तो जमिनीकडे बघून बोलला. "'सॉरी, बाबा.' बस्स तेवढंच. एव्हरी टाइम. ते होते तेव्हा एकदा पण नाही म्हणालो. मला वाटायचं, आय वॉज राइट, मी का म्हणू?"

"मग म्हण की आता."

"कधी म्हणू?" तो म्हणाला. "आता तो विझतच नाही, मावशी."

मला त्याला जवळ घ्यायचं होतं, पण माझे कपडे लेपाने आणि धुळीने माखलेले होते आणि तोही दोन हात लांबच उभा होता. मला जे माहीत होतं तेच मी म्हटलं.

"विझत नाही, पण तेल तर संपतं ना रे. ज्योत न विझता जळत राहिली की जास्तच लागतं. काकूंचे गुडघे बघ, सारखं त्यांनी किती वाकायचं? दहाव्यापर्यंत तू घाल."

त्याने शर्टाच्या बाहीने चेहरा पुसला आणि घरात गेला. दार उघडंच राहिलं होतं. बूट काढल्याचा आवाज आला, आणि मग तो आतून विचारताना ऐकू आला, "आई, तेलाची बाटली कुठे ठेवलीयेस?"